सात नंबरच्या खोलीतली चादर

"आई, या चादरीखाली काय आहे?"

शाळेच्या सहलीत लेकीने प्रश्न विचारला आणि मागे मैत्रिणींनी एकमेकींना चिमटे काढले. पैज त्यांचीच होती. एवढी धीट झालीयस ना, मग विचार तुझ्या आईला, सगळ्यांसमोर! आई संग्रहालयाच्या सात नंबरच्या खोलीची राखणदार. अकरा वर्षं तीच खुर्ची, तोच निळा गणवेश. खोलीवर पाटी होती 'अतिवास्तववादी चित्रकर्त्या', म्हणजे स्वप्नात दिसावं तसं रंगवणाऱ्या बायका.

"दुरुस्ती चालू आहे," वर्गाच्या मॅडमच घाईघाईने म्हणाल्या.

"मग तशी पाटी का नाही?"

"आगाऊपणा पुरे! विचार हवं तर त्यांना."

"दुरुस्तीच," आई म्हणाली.

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारच्या सहा नंबरात पाच उघड्या बायका लोळत पडल्या होत्या, पाचही पुरुषांनी रंगवलेल्या, आणि त्यांच्यासमोर मॅडमनी पंधरा मिनिटं रेषांच्या लालित्यावर व्याख्यान झोडलं होतं. इथे एकीने स्वतःच स्वतःला रंगवलं, शेजारच्या चिठ्ठीवर 'आत्मचित्र' असं लिहिलेलंही होतं, तर तिला चादर! वर सोमवारी निबंध द्यायचा: मला आवडलेलं चित्र.

घरी येताच तिने दप्तर आपटलं. "खोटं कशाला बोललीस?"

"शाळा आली की झाकायचं, संग्रहालयाच्या साहेबांचा हुकूम आहे. शाळा गेली की काढते."

"चादर मीच शिवलीय," शिंपीकाम करणारे बाबा मशीनवरून मान वर न करता म्हणाले. "दुहेरी टीप आहे. दहा वर्षं उसवायची नाही."

"बाबा, कौतुक नकोय!"

आई भाजी चिरत होती. सुरी न थांबवता म्हणाली, "नवऱ्याचा कोट घातलाय तिने. बटणं सगळी उघडी. अर्ध्या ओठावर मिशी. छातीत एक खिडकी, आणि खिडकीत एक बाई दुसरीचे केस विंचरतेय. इतक्या मायेने, की..." सुरी थांबली. "पहिला महिना मी खुर्ची फिरवून बसायचे. साहेब म्हणाले, भिंतीची राखण करताय का?"

मशीनही थांबलं. "हे मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलंत कधी? मापं तेवढी घेतलीत."

बाबा सुईत दोरा ओवायला लागले. तो आधीच ओवलेला होता.

"सहा नंबरातल्या सगळ्या डोळे मिटून पडल्यात गं," आई लेकीला म्हणाली. "ही सरळ बघते. आता चादर टाकताना मीच तिला म्हणते, तासाभराचा प्रश्न आहे, सांभाळून घे."

"मी निबंध तिच्यावरच लिहिणार!"

"आणि साहेबांनी विचारलं, पोरीला सांगितलं कोणी? मग खुर्ची गेली माझी."

आई रागावली असती तर भांडता आलं असतं. पण ती नुसतीच ओट्याला टेकून उभी होती, दिवसभर बसून सुजलेले पाय आळीपाळीने उचलत. लेक येरझाऱ्या घालून थांबली.

"ऐका दोघंही. लिहिणार तिच्यावरच. पण आई, तुझ्या तोंडचं एक अक्षर घेणार नाही. रविवारी चादर नसते ना? साधे कपडे घालून येईन, तिकीट काढीन, तिच्यासमोर हवी तेवढी उभी राहीन. आणि मी तुला ओळख दाखवणार नाही. तूही दाखवू नकोस."