लाखेच्या सीलची राय

जुन्या व्हिस्कीची पारख करावी तर डेल्बर्ट कंडिफनंच, असं सगळं बार्ड्‌सटाउन गाव म्हणायचं, आणि डेल्बर्टही कधी नाही म्हणायचा नाही. म्हणून नवरा गेल्यावर शेजारच्या इडेलाकाकूंनी त्यानं जपून ठेवलेली राय व्हिस्कीची बाटली डेल्बर्टसमोर ठेवली.

डेल्बर्टनं ती उजेडात धरली, लाखेचं सील निरखलं. "काकू, नऊशे डॉलर कुठं गेले नाहीत."

"आणि चवीला कशी आहे?"

"उघडल्याशिवाय कसं कळणार? आणि उघडली की किंमत गेली."

"वा रे पारखी! घोडा तबेल्यातच, आणि तू शर्यतीचा निकाल सांगतोस!" असं म्हणत काकूंनी सुरीनं लाख फोडलीसुद्धा.

डेल्बर्ट लाखेचे तुकडे गोळा करू लागला. काकूंनी दोन पेले भरले. त्यानं वास घेतला, घोट जिभेवर घोळवला. खोटं बोलावंसं फार वाटलं, पण बोलवेना.

"नुसतं पिंपाचं लाकूड लागतंय, काकू. फार तर चाळीस डॉलर."

काकू डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "वीस वर्षं हात लावू दिला नाही मेल्यानं! ओत अजून थोडी."

डेल्बर्टनं ओतली. दुसरा घोट त्याला जरा बरा लागला.