सभासद क्रमांक दोनशे बारा

आमच्या ग्रंथालयाच्या संगणकखोलीत तीन सर्व्हर होते आणि त्यांच्या पुढ्यात एक चौथं यंत्र. वेबसाइट त्या तिघांवर चालायची. आलेल्या वाचकाला कुणाकडे पाठवायचं ते चौथं ठरवायचं. आम्ही त्याला सासूबाई म्हणायचो आणि त्या तिघींना थोरली, मधली, धाकटी. सासूबाई दर दहा सेकंदांनी प्रत्येकीला हाक मारून बघायच्या. तीनदा ओ आली नाही की दिवा लाल आणि तिचं काम दुसरीकडे. आता ती खोली मोडली, सगळं भाड्याच्या यंत्रांवर गेलं. ते अधिक चांगलं चालतं, मान्य आहे. पण त्या पंख्यांची घरघर आठवली की मला अजून करमत नाही.

ही हाकेची व्यवस्था खोली सांभाळणाऱ्या नाडीवाल्या सरांची. त्यांचं खरं नाव पगारपत्रक सोडून कुठेच नव्हतं. एरवी सर्व्हरनं नुसतं ‘ठीक’ म्हटलं की भागतं. सरांना ते पटायचं नाही. “ठीक म्हणायला काय लागतं? मीसुद्धा अंगात ताप असताना म्हणतो. काम करून दाखवायला लावा.” म्हणून आमच्या तिघींना दर हाकेला यादीतून एक ठरावीक सभासद शोधून दाखवावा लागे. क्रमांक दोनशे बारा. सापडला तर तब्येत बरी.

दोनशे बारा म्हणजे सरांच्या पत्नी, आमच्या काकू. “यादीतून कधीच न जाणारं माणूस हवं होतं,” सर सांगायचे. “ही एक वेळ मला सोडेल, ग्रंथालय नाही सोडणार.” काकू पुस्तकं बदलायला आल्या की खोलीत डोकवायच्या. “तरीच मला सारख्या उचक्या लागतात,” असं म्हणून सरांकडे डोळे वटारायच्या आणि मग मोर्चा माझ्याकडे वळवायच्या. “जेवलीस का गं? हाडं मोजता येतायत.” माझ्या आईनंसुद्धा मला इतक्या वेळा विचारलं नसेल.

काकू गेल्या. दोन वर्षांनी सर निवृत्त झाले आणि खोली माझ्या ताब्यात आली. दोनशे बाराचं माझ्या डोक्यातून पार निघून गेलं.

आणखी दोन वर्षांनी समितीचं पत्र आलं. तीन वर्षांत ज्यांनी पुस्तक नेलं नाही, त्यांच्या नोंदी आजच्या आज काढून टाका. मी मोठ्या हौसेनं सकाळी अकराशे नावं एका झटक्यात उडवली. अर्ध्या मिनिटात तिन्ही दिवे लाल. अकरा वाजता अभ्यासिकेच्या जागांची नोंदणी सुरू व्हायची होती आणि वेबसाइट बंद! मी थोरली बंद करून चालू केली, मग मधली, मग धाकटी. तिघी व्यवस्थित सुरू होत होत्या, पण सासूबाई ढिम्म. ऐकायलाच तयार नाहीत. घामाघूम होऊन शेवटी तपासणीचा कोड उघडला आणि तिथे दोनशे बारा दिसलं. सर्व्हर ठणठणीत होते. शोधायचं माणूसच मी पुसून टाकलं होतं. कालच्या प्रतीवरून काकूंची नोंद परत आणली, दिवे हिरवे झाले, आणि मी खुर्चीत बसून ढसाढसा रडले. अकराशे नावांमध्ये मी काकूंचं नाव वाचलंसुद्धा नव्हतं.

संध्याकाळपर्यंत नोंद काढावीच लागणार होती. पण सरांना न विचारता माझा हात उचलेना. मी फोन केला. ते पाऊण तासात हजर, इस्त्रीचा शर्ट घालून.

“ती गेली तेव्हाच बदलायला हवं होतं,” ते म्हणाले. “रोज ठरवायचो. पण इथे दर दहा सेकंदांनी कुणीतरी तिची चौकशी करतंय आणि उत्तर येतंय, आहे म्हणून. घरी कोण विचारतंय गं?”

मग ते पडद्यासमोर बसले. एकामागून एक ओळी वर सरकत होत्या. दोनशे बारा, सापडले. दोनशे बारा, सापडले. मी ठेवलेला चहा निवून गेला.

“काढ आता,” ते म्हणाले.

“तुम्ही काढता?”

“मला नको सांगूस. तू काढ.”

“मग काकूंच्या जागी एखादा खोटा सभासद घालते,” मी म्हटलं.

“खोटा कशाला? माझं टाक. मी अजून पुस्तकं नेतो.”

“सर, पुन्हा तेच? तुम्ही गेलात की तीन वर्षांनी परत सगळं...” मी जीभ चावली.

सर खळखळून हसले. “बंद पडू दे की! घरी आता माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही. इथे तीन सर्व्हर तरी अडतील.”

मी खोटाच सभासद घातला. शहाणपणाचं तेच होतं. सरांना मात्र सांगितलं, तुमचं टाकलंय. पुस्तक बदलायला आले की ते दारातूनच विचारायचे, “काय गं, सापडतोय ना मी?”

“सापडताय, सर.”

सहा वर्षं मी हे बिनदिक्कत सांगत राहिले. ते गेल्यावर तीन वर्षांनी नियमाप्रमाणे त्यांचं नाव यादीतून काढलं ते मीच. काढलं आणि दिव्यांकडे बघत बसले. अर्धं मिनिट झालं, एक मिनिट झालं. एकही दिवा लाल झाला नाही. सगळं सुरळीत चालू होतं, आणि माझ्या शहाणपणाचा मला इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता.