फेसाची पारख

उस्तादांनी ब्रश भांड्यात गरागरा फिरवला, गिऱ्हाइकाच्या गालावर फेस चढवला आणि पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. रिपोर्ट आणायला गेलेली बायको अजून सलूनवर पोचली नव्हती. जीव नुसता टांगणीला लागला होता.

लघवीतून प्रथिनं वाहून जाताहेत, किडन्या थकल्यात, असं कळलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बीपीची गोळी लिहून दिली होती. बायको शेजारीच बसली होती. उस्ताद उखडलेच.

“अहो, माझं बीपी ठणठणीत आहे! बीपी हिला. गोळी माझ्या माथी कशाला?”

“गोळी बीपीचीच, पण तुमच्याकडे काम किडनीचं. किडनीच्या गाळणीवरचा जोर कमी झाला की गळती कमी होते. नाहीतर पुढे डायलिसिस.”

डायलिसिस म्हटल्यावर उस्तादांनी चिठ्ठी खिशात घातली. गोळी सुरू झाली. पण लघवीला फेस येतो तो प्रथिनांमुळे, हेही बाई बोलून गेल्या होत्या आणि उस्तादांचा तर जन्मच फेसात गेलेला! रोज सकाळी ते संडासात वाकून बघत बसायचे. किती आला, किती टिकला. त्या नादात पाणी ओतायचं हमखास राहून जाई.

“पाणी ओतायला हात झिजतात का हो?” बायको रोज कडाडायची.

उस्ताद गुपचूप सटकायचे. हल्ली फेस टिकेनासा झाला होता, पण बोलायची छाती होत नव्हती. आज सकाळी तर फेस आलाच नाही. हरखून त्यांनी बादलीभर पाणी ओतलं आणि शीळ घालत दुकान गाठलं.

बायको धापा टाकत आत शिरली.

“निम्म्यावर आली हो प्रथिनं! निम्म्याच्याही खाली! बाई म्हणाल्या, गोळी लागू पडली!”

“अरे वा रे गोळी!” उस्तादांनी ब्रश हवेत नाचवला. “मला ठाऊकच होतं!”

“तुम्हाला असेल. माझा मात्र जाताना वाटभर जीव थाऱ्यावर नव्हता. आजच मेलं पाणी ओतून गेलात!”

उस्तादांचा हात थांबला.

“म्हणजे तूही बघायचीस?”

“रोज. तुमच्या पाठोपाठ.”

“मग ओरडायचीस कशाला?”

“गप्प राहिले असते तर कळलं नसतं का तुम्हाला, मी किती घाबरलेय ते?”

“उस्ताद,” गिऱ्हाईक हळूच म्हणालं, “गाल वाळला.”

उस्तादांनी डोळे पुसले. फेस नाकाला लागला.

“बरं बाई, उद्यापासून न चुकता ओतेन पाणी.”

“खबरदार!” बायको म्हणाली.