न्यारनाम आणि ती मेली तोफ

मी एक जुनी आगबोट आहे, आणि मित्रांनो, माझं डोकं फिरलेलं आहे. सरोवराकाठच्या किसुमू बंदरात, धक्क्याला मी गंजत पडले आहे. माझ्या अंगावरून काढलेली तोफ मात्र कचेरीसमोर चबुतऱ्यावर बसली आहे. शाळेची मुलं तिलाच बघायला येतात. वा रे न्याय!

माझे तुकडे विलायतेहून पेट्यांतून आले आणि इथे ठोकून जोडले गेले. कंपनीने मला कुठल्याशा राणीचं नाव दिलं. बेटांवरचे लोक मला न्यारनाम म्हणू लागले, म्हणजे सरोवराची लेक. केळीचे घड, सुके मासे, शेळ्या, भांडखोर बायका, सगळं मी सुखाने वाहिलं.

मग लढाई लागली. माझे बाक उपटले, मला राखाडी रंग फासला आणि नाकावर तोफ ठोकली. "आता ही लढाऊ बोट," कप्तान पेन्रोज म्हणाला. "एकही उतारू घ्यायचा नाही." लढाऊ म्हणे! त्या तोफेने सबंध लढाईत एकदाच गोळा डागला, तोही शत्रूची होडी समजून एका पाणघोड्यावर. नेम चुकला म्हणून बिचारा वाचला.

बेटवाल्यांना माझी ही बढती मान्यच नव्हती. ते होड्या घेऊन यायचे आणि "आज एवढा उशीर?" म्हणून शिपायांनाच झापायचे.

एका दुपारी आवितीबाई होडीतून आली. तिची लेक आपोंडी तिच्या खांद्यावर मान टाकून कळा देत होती. मूल अडलं होतं आणि इस्पितळ किसुमूलाच.

"वर घ्या आम्हाला!" आवितीबाई ओरडली.

"हुकूम नाही," कप्तान म्हणाला.

"हुकूम? तुझ्या आईला कुणी असा हुकूम ऐकवला असता, तर तू असतास का रे इथे?"

कप्तानाने आपोंडीचे मिटत चाललेले डोळे पाहिले आणि तो वरमला. "ओबुरा, हात दे त्यांना!"

ओबुरा तोफेवरचा शिपाई, आपोंडीचाच नवरा. त्याने चक्क पाठ फिरवली. आमच्याकडे सासू-जावयाने समोरासमोर यायचं नाही. हात धरणं तर लांबच.

"अरे, बायको मरतेय तुझी!" कप्तान किंचाळला. ओबुरा काही वळेना. मला असा संताप आला, की वाटलं, देऊन टाकावा एक हिसका आणि पाडावा याला पाण्यात.

तेवढ्यात आवितीबाईने हातातलं वल्हं वर केलं. "जावईबापू, तोंड तिकडेच राहू दे. हे वल्हं धरा आणि ओढा, जीव लावून ओढा!"

ओबुराने न बघता मागे हात करून वल्हं धरलं. एका हाताने वल्हं, दुसऱ्याने लेक, अशी आवितीबाई वर आली. किसुमू येण्याआधीच, तोफेच्या सावलीत, आपोंडी मोकळी झाली. मुलीचा ट्यँहा ऐकून ओबुरा सरोवराकडे तोंड करून ढसाढसा रडला. वाटेत झाली म्हणून मुलीचं नाव आयो ठेवलं, म्हणजे वाट.

पुढे कप्तानाला बिल्ला मिळाला, तोफेला चबुतरा. मला काय मिळालं? काल भंगारवाला येऊन माझ्या अंगावर खडूने फुली मारून गेला.

तो गेला आणि आयो आली. तिचेही केस आता पिकलेत. माझ्या गंजक्या पत्र्यावर तिने नातीचा हात ठेवला आणि म्हणाली, "हिला ओळखून ठेव, बाळा. ही माझी सुईण."

आता तुम्हीच सांगा मित्रांनो, सुईणीला कुणी भंगारात काढतं का?