चाळीस अक्षरं

"ही शेवटची सही. एवढी झाली की तुमचं काम संपलं," असं म्हणत संगणकवाल्या कंपनीच्या इंजिनीअर बाईंनी माहिती तपासल्याचा फॉर्म पुढे सरकवला. ताईंनी पेन उचललंच नाही. चाचणीच्या संगणकावर त्या दोनशे चौदा नंबरच्या लिफ्टची नोंद उघडून बसल्या होत्या आणि पडद्याकडे बघता बघता त्यांची कानशिलं तापत चालली होती.

"बाकीचा शेरा कुठंय?" त्यांनी विचारलं.

"आलाय की. हा काय." बाईंनी बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, 'किल्ली वॉचमनकडे, तो दुपारी जेवायला जातो.'

"वॉचमनचं जेवण आलंय. खड्ड्यातली वायर कुठंय?"

ताईंची कंपनी सहाशे बारा लिफ्टची देखभाल करायची. ताई तिथे तक्रारींच्या टेबलावर सतरा वर्षं बसत होत्या. सख्ख्या नात्याने त्या एकाच माणसाची धाकटी बहीण होत्या, पण कंपनीत त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे मेकॅनिकही त्यांना ताईच म्हणत. मेकॅनिक लिफ्ट दुरुस्त करून फोन करायचा आणि ताई तो बोलेल ते जसंच्या तसं शेऱ्याच्या रकान्यात टाइप करायच्या. मेकॅनिक जसा चालत जातो तसंच सांगतो. आधी वॉचमन, मग किल्ली, मग दारं, मग गच्चीवरची मशीनची खोली आणि सगळ्यात शेवटी लिफ्टच्या तळाचा खड्डा. माणूस मरतो तो बहुतेक खड्ड्यातच, आणि खड्डा शेऱ्याच्या शेपटाला असायचा. दोनशे चौदाच्या शेऱ्याचं शेपूट असं होतं: 'खड्ड्यात पाणी साचतं, दिव्याची वायर उघडी आहे, मेन बंद केल्याशिवाय पाय ठेवू नये.'

शनिवारी दुपारी बारा वाजता सगळ्या संगणकांची ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची होती. ताईंचा जुना प्रोग्रॅम नव्या सिस्टीमवर चालणार नव्हता. म्हणून त्यातली माहिती चाचणीसाठी नव्या प्रोग्रॅममध्ये भरली होती, आणि नव्या प्रोग्रॅमने प्रत्येक शेऱ्याची फक्त पहिली चाळीस अक्षरं घेतली होती. उरलेलं कापून टाकलं होतं.

"रकानाच चाळीस अक्षरांचा आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा उतरला होता. "काना, मात्रा, वेलांटी, सगळं वेगळं मोजलं जातं. आम्हाला सांगितलं होतं, शेरे म्हणजे किरकोळ मजकूर आहे."

"कुणी सांगितलं?"

बाईंनी काचेच्या केबिनकडे पाहिलं. आणखी काही सांगायची गरजच नव्हती.

केबिनमधल्या मॅनेजरला मेकॅनिक पाठीमागे 'होऊन-जाईल-साहेब' म्हणत. दोर बदलायला हवा? होऊन जाईल. हेल्मेट नाहीत? होऊन जाईल. सतरा वर्षांत त्यांच्या हातून काय झालं हे विचारलं असतं, तर मेकॅनिकांनी एकमेकांची तोंडं पाहिली असती.

"अहो ताई, शेरे दुसऱ्या टप्प्यात घेऊ," ताईंनी केबिनमध्ये जाऊन सांगितल्यावर साहेब म्हणाले. "होऊन जाईल."

"रकाना मोठा करायला एक आठवडा लागेल असं त्या बाई म्हणतायत. एका आठवड्याने काय आभाळ कोसळणारे?"

"मालकांना शनिवार सांगितलाय मी. जुन्या सिस्टीमची मुदत संपलीय, उद्या काही विषाणूबिषाणू शिरला तर तुम्ही येणार का निस्तरायला? आणि खरं सांगू का, त्या रकान्यात तुम्ही लोकांनी नुसता कचरा भरून ठेवलाय. वॉचमन काय खातो, कोणत्या मजल्यावरची म्हातारी भांडते..."

"म्हातारी भांडते, कारण दार तिच्या अंगावर बंद होतं."

"सही करा ताई. उगाच राईचा पर्वत करू नका."

ताई तडक बाहेर आल्या. आणखी एक शब्द बोलल्या असत्या तर टेबलावरचा पेपरवेट भिरकावला असता, हे त्यांना स्वतःलाच कळत होतं. त्यांना रडू येत नव्हतं. राग आला की त्यांना कामच सुचायचं, आणि हा गुण कंपनीला सतरा वर्षं फुकट मिळाला होता.

तो बुधवार होता. ताईंनी कागदावर छापून घ्यायचं ठरवलं, तर प्रिंटर आदल्याच दिवशी नव्या सिस्टीमला जोडून टाकले होते. जुन्या माहितीची एक प्रत डिस्कवर भरून तिजोरीत ठेवली होती, पण ती उघडणारा प्रोग्रॅमच राहणार नव्हता. म्हणजे कुलूप सांभाळून ठेवायचं आणि किल्ली विहिरीत टाकायची. मग ताईंनी जुन्या प्रोग्रॅममध्येच शेरे कापायला घेतले. शेपूट आधी आणायचं आणि ते चाळीस अक्षरांत कोंबायचं. 'खड्ड्यात पाणी, वायर उघडी. मेन आधी बंद.' हे बसलं. वॉचमन गेला, किल्ली गेली, म्हातारी गेली. पुढची लिफ्ट. बोटांवर अक्षरं मोजायची, एक वेलांटी जास्त झाली की शब्द बदलायचा. गुरुवारी संध्याकाळपर्यंत एकशे दहा झाल्या आणि ताईंची मान अवघडून गेली.

शुक्रवारी सकाळी चहा पिताना त्यांनी हे दादाला सांगितलं. दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. तो याच कंपनीत मेकॅनिक होता. अठरा वर्षांपूर्वी एका खड्ड्यात उतरला असताना लिफ्ट वरून खाली आली. तो अंग चोरून वाचला, उजवा हात मात्र चेपला. त्या लिफ्टला तळाशी थांबवणारा खालचा स्विच धरत नाही हे आणखी एका मेकॅनिकला ठाऊक होतं, पण ते सांगायचं कुणाला आणि लिहायचं कुठे, हेच ठरलेलं नव्हतं. कंपनीच्या अहवालात लिहिलं गेलं, 'मेकॅनिकचा निष्काळजीपणा.' वर्षभराने ताईंना त्या टेबलावर नोकरी मिळाली. शेऱ्याचा रकाना त्यांनीच भांडून मागून घेतला होता.

दादाने डाव्या हाताने कप खाली ठेवला. "माझी लिफ्ट किती अक्षरांत बसवलीस?"

"दादा, सकाळी सकाळी टोचून बोलू नकोस."

"टोचत नाहीये, विचारतोय. स्विच धरत नाही एवढंच लिहिलं असशील. पण तो कधी धरत नाही? पावसाळी हवेत. कुठून आवाज येतो? डावीकडून. आवाज आला की किती वेळ हातात असतो? ते कुठं लिहिलंस?"

"बसत नाही ते!"

"मग बसवू नकोस ना! तू कापून कापून बसवतेस, म्हणून तुझा साहेब वर सांगतो की सगळं बसलं. त्याच्या पापावर पांघरूण घालतेयस तू, आणि वर रात्री मान चोळत बसतेस."

"मग काय करू? पोरांना मरू देऊ?" ताई ओरडल्या. घरात असा आवाज त्यांनी कित्येक वर्षांत चढवला नव्हता.

दादाही चिडला होता. "ते मला कळत नाही. पण तुझ्या हाताने कापू नकोस. एक हात गेला तेवढा पुरे झाला आपल्या घरातला."

बसमध्ये ताई खिडकीबाहेर बघत बसल्या. दादाचा राग येत होता, कारण त्याचं खरं होतं. ऑफिसात पोहोचल्यावर त्यांनी पर्समधून मोबाईल काढला, पहिल्या नंबरची लिफ्ट उघडली आणि पडद्यावरच्या अख्ख्या शेऱ्याचा फोटो घेतला. मग दुसरी. मग तिसरी. जेवायलाही उठल्या नाहीत. तक्रारीचा फोन आला तर कान आणि खांद्यामध्ये धरून बोलायच्या आणि हाताने फोटो चालूच. इंजिनीअर बाई दोनदा शेजारून गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी आपला चार्जर ताईंच्या टेबलावर ठेवला. शनिवारी पावणेबाराला सहाशे बारावी लिफ्ट झाली. कापलेले एकशे दहा शेरेही मूळच्या रूपात हवे होते. त्या लिफ्टवर बहुतेक नेहमीचेच मेकॅनिक जायचे, त्यांना आणि दादाला विचारून ताईंनी ते शुक्रवारी रात्रीच पुन्हा पूर्ण लिहून घेतले होते.

बारा वाजता साहेब फॉर्म घेऊन आले. ताईंनी आता पेन उचललं आणि सहीच्या जागी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'तपासले. शेरे अपुरे आहेत. मेकॅनिकच्या जिवाला धोका आहे.' त्याखाली सही केली.

साहेबांचा चेहरा लाल झाला. "हे काय लिहिलंय? हा फॉर्म वर जातो!"

"म्हणूनच लिहिलंय."

"फोटो काढत होतात म्हणे दोन दिवस. कंपनीची माहिती खासगी फोनमध्ये? काय होतं ठाऊक आहे ना याचं?"

"दादाचं काय झालं ते ठाऊक आहे. त्यापुढे माझं काय व्हायचं ते होऊ दे."

साहेबांनी फॉर्म टराटरा फाडला. कोऱ्या फॉर्मवर भांडारातल्या कारकुनाची सही घेतली. त्या बिचाऱ्याने जन्मात एकही शेरा वाचला नव्हता. साडेबाराला पडदे काळे झाले, मग निळे झाले. ताईंना सांगण्यात आलं की नव्या पद्धतीत मेकॅनिक मोबाईलवरच सगळं भरतील, तेव्हा तक्रारींचं टेबल बंद. सोमवारी येऊन हिशेब घेऊन जावा.

सोमवारी सकाळी आठला, नेहमीप्रमाणे, अकराही मेकॅनिक मागच्या शेडमध्ये कामं वाटून घ्यायला जमले होते. ताई सरळ तिथे गेल्या. त्यांच्यामागून साहेबही लगबगीने आले.

"ऐका," ताई म्हणाल्या. "तुमच्या मोबाईलवर आता जो शेरा दिसेल तो अर्धा आहे. बाकीचा माझ्याकडे आहे. अख्खा. कुठल्याही खड्ड्यात उतरायच्या आधी मला फोन करा. ऑफिसचा नंबर नाही. माझा घरचा."

"हे नियमात बसत नाही!" साहेब ओरडले. "फोन करणाऱ्याची मी गय करणार नाही. आणि आता या बाईंचा कंपनीशी काही संबंध नाही."

शेडमध्ये कुणी हललं नाही. मेकॅनिकांना घरं होती, हप्ते होते, आणि साहेब उद्याही केबिनमध्येच असणार होते. ताईंना वाटलं, संपलं. सगळ्यात म्हाताऱ्या मेकॅनिकने खाली वाकून आपली हत्यारांची पेटी उघडली. झाकणाची आतली बाजू फडक्याने पुसली आणि कानावरचा खडू हातात घेतला.

"सांगा ताई," तो म्हणाला.

दुसरी पेटी उघडली. मग कड्यांचे आवाज येत राहिले, एकामागून एक. ताईंनी साहेबांकडे पाहिलं नाही. अकरा झाकणं उघडेपर्यंत त्या थांबल्या आणि मग नंबरचा एकेक आकडा सावकाश, दोनदा सांगू लागल्या.