ओटीवाचून डोहात

तळेगावच्या महिला मंडळानं लीलाबाईंना वराळ्यात धाडलं ते बायकांना शिवण शिकवायला. पण पहिल्याच गुरुवारी पुतळाबाईनं सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "बाई, आमच्या चोळ्या शिंपी शिवतो. तुमी आमाला पवायला शिकवा."

लीलाबाई लोणावळ्याच्या, नवरा रेल्वेत गार्ड. माहेर मात्र मालवणचं, लहानपण सगळं समुद्रात गेलेलं. पगार नाही की मानधन नाही, तरी गाडीनं तळेगावला उतरून पायी गावात यायच्या. त्यांनी हातातली सुई खाली ठेवली आणि विचारलं, "पोहायलाच का गं?"

मग पुतळाबाईनं सांगितलं. तिची थोरली, गंगी, गेल्या साली धुणं धुताना इंद्रायणीच्या डोहात घसरली. काठावर बायकाच बायका, पण एकीला पोहता येत असेल तर शपथ. बोंब ऐकून पुतळाबाईचा नवरा कोंडू वावरातून धावत आला. गडी पट्टीचा पोहणारा. उडी टाकणार, तेवढ्यात बजरंग आबांनी त्याचा दंड पकडला. आबा म्हणजे गावचे मोठे जमीनदार, कोंडू त्यांच्याच वावरात राबायचा. आबा म्हणाले, डोहात साती आसरा, पाण्यातल्या देवी, राहतात, पोर त्यांनी धरलीय. ओटी भरल्याबिगर त्या सोडायच्या न्हाईत, उलट तुलाबी ओढतील. झालं, कोंडू खण-नारळ आणायला घराकडं पळाला. आता बुडती पोर काय नारळाची वाट बघत बसते होय?

गंगी गेली. दुःखानं पुतळाबाईचं डोकं फिरलं असं गाव म्हणायचं. दुःख होतंच हो, पण त्याच्या दुप्पट संताप होता. धाकटी ठकी आता त्याच घाटावर भांडी घासायला जायला लागली होती आणि पुतळाबाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

लीलाबाईंनी शिवणाचं गाठोडं बांधून ठेवलं. वाळलेले भोपळे मागवले, ते पाठीला बांधून वरच्या अंगाला उथळ पाण्यात बायकांना घातलं. कासोटा मारून सावित्राबाई पहिल्यांदा पाण्यात आडवी झाली तेव्हा लाजेनं मेली, पुढच्या खेपेला दुसरीला शिकवायला लागली. पुतळाबाई तर भोपळा सोडून पोहू लागली. उरला होता तो डोहच. ठकीला घेऊन डोहात उतरायचा दिवस ठरला आणि बातमी आबांच्या कानावर गेली.

त्या दिवशी आबा चार माणसं घेऊन डोहावर येऊन बसले. मागं कोंडू खाली मान घालून उभा.

"पुतळे, बाईमाणसानं ह्या पाण्यात उतरायचं न्हाई," आबा म्हणाले. "आसरा कोपल्या तर गावाला भोगावं लागंल."

"भोगायचं ते मी भोगलंय, आबा."

लीलाबाई मध्ये पडल्या. त्यांना भांडण नको होतं, वर्ग चालायला हवा होता. "आबा, असं करू. आधी आसरांची ओटी भरू, मग उतरू. चालेल?"

आबांनी मिशीवरनं हात फिरवला. "व्हय. ओटी भरा, मंग माजं काय म्हणणं न्हाई."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सावित्राबाई नारळ आणायला निघालीसुद्धा. पुतळाबाईनं तिला मनगटाला धरून मागं ओढलं.

"न्हाई भरणार."

"अगं, दोन घटकांचा तर प्रश्न आहे," लीलाबाई हळूच म्हणाल्या.

"बाई, तेवढ्यातच माजी पोर गेली."

कोंडू पुढं आला. "भर की ओटी. काय जातंय आपलं?" बायको ऐकेना तसा त्याचा आवाज चढला. "आबांचा शब्द मोडून उतरलीस तर घरात पाय ठेवू नगंस."

पुतळाबाईनं ठकीच्या पाठीला भोपळे बांधले, गाठ ओढून पाहिली आणि आबांसमोर जाऊन उभी राहिली.

"आसरा बायाच हायेत, आबा. बुडत्या लेकराला त्या खण-नारळ मागत न्हाईत. माज्या गंगीला आसरांनी धरलं न्हवतं. तुमी तिच्या बापाला धरलंत."

लीलाबाईंनी पदर खोचला आणि सगळ्यांच्या आधी त्याच पाण्यात शिरल्या. मागोमाग लेकीचा हात धरून पुतळाबाई उतरली.

पाणी छातीला लागलं तशी ठकी घाबरली. तिनं काठावरच्या बापाकडं पाहिलं.

"आये, आता आपून ऱ्हायाचं कुटं?"

"ते मागनं बघू," पुतळाबाई तिच्या पोटाखाली हात धरत म्हणाली. "आदी पाय मार."