बॉनेटवरचा कौल

तांबडेवाडीत त्या पहाटे पन्नासेक माणसं गाडीभोवती उभी होती आणि गाडीत बसलेल्या बाईकडे त्यांतल्या एकाचंही लक्ष नव्हतं. सगळे बॉनेटकडे टक लावून बघत होते. बॉनेटवर पाण्याने चिकटवलेल्या तगरीच्या दोन पाकळ्या होत्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. कोकणात हा कौल देवळातल्या पाषाणाला लावतात. आमच्या बाबू भगताने तो डिझेलच्या गाडीला लावला होता.

मागच्या सीटवर मथुराकाकू बसल्या होत्या. वय सत्तावन्न. पाच वाजता छातीत कळ आली, अंगाला दरदरून घाम सुटला, डावा हात जड पडला. मी इथल्या उपकेंद्राची नर्स. त्यांना गोळी चघळायला दिली आणि सांगितलं, आत्ताच्या आत्ता तालुक्याला हलवा. रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेली होती. वाडीत गाडी एकच, काकूंच्या मुलाची, संदेशची. वीस वर्षांची जुनी. आणि मंडणगडच्या डोंगरात पौषातल्या थंड सकाळी ती सुरू होत नसे.

का होत नसे, याचं उत्तर वाडीला पाठ होतं. गेल्या थंडीत वाडीतला रघू मुंबईत वारला, त्याचं प्रेत संदेशने याच गाडीतून गावी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी अडली. बाबूने डोळे फिरवून सांगितलं, "रघू उतरलाच नाय. मशिनीत बसलाय." तेव्हापासून थंडीत पहाटे निघायचं असेल तर बाबूचा विधी ठरलेला. इंजिनाखाली धुपाचं घमेलं, त्यात रसरशीत निखारे, वर बॉनेटवर कौल, आणि मग गाऱ्हाणं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लोखंडी घोड्यात जो कोन अडून बसला असंल, त्याचा पाय ढिला कर. रेडिएटर, गेरबाक्स, चारी चाकं नि स्टेपनी धरून त्याला भाईर काढ!"

"व्हय म्हाराजा!"

देवाला स्टेपनीसुद्धा वेगळी सांगावी लागते, हे मला त्या गाऱ्हाण्यातून कळलं.

"बाबूकाका, लवकर आटपा," मी म्हटलं. "ह्यांच्याकडे वेळ नाही."

"सिस्टर, देवाला घाई करून चालत नाय. तुमची सुई येगळी, त्याचं काम येगळं."

मी हट्ट धरला म्हणून संदेशने एकदा किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं, पांढरा धूर सोडला आणि गप्प झालं. "बघितलात?" बाबू सगळ्यांकडे वळून म्हणाला. मग पुन्हा कोणी मला बोलू दिलं नाही. काकूंचा श्वास अपुरा पडत होता. त्या एकदाच म्हणाल्या, "कवा सुटनार रं?" संदेश म्हणाला, "झालाच आई, उजवी हलते हाय."

सव्वापाचला काकू गाडीत बसल्या होत्या. उजवी पाकळी पडली पावणेसातला. संदेशने किल्ली फिरवली आणि इंजिन एका दमात सुरू झालं. लोकांनी हात जोडले, शेजारच्या मालनवहिनींना तर रडू आलं. चमत्कार म्हणतात तो असा. काकू घाटातल्या तिसऱ्या वळणावर गेल्या, हात माझ्या हातात होता. तालुका तिथून वीस मिनिटं होता.

बाबूने प्रेताजवळच निकाल दिला. "देवानं गाडी दिली. आयुष्यच सरला व्हता, त्याला देव काय करील?" या बोलण्यापुढे कोणाचं चालत नाही. गाडी सुरू झाली तर बाबूमुळे, माणूस गेलं तर नशिबामुळे. मला संताप आला, आणि त्यातला अर्धा माझा माझ्यावरच होता. वर्षभर मी हा तमाशा बघत होते आणि गप्प होते. गावाशी वाकडं घेतलं तर लसीकरणाला मुलं कोण आणील, अशी मी माझी समजूत घातली होती.

दुसऱ्या दिवशी मी संदेशच्या घरी गेले. गाडी अंगणात उभी होती आणि बॉनेटवर डावी पाकळी तशीच होती. मी जागच्या जागी थांबले. ही पाकळी घाट उतरली होती, वारा खात परत चढली होती, आणि पाण्याने चिकटवलेली असून जागची हलली नव्हती. जवळ जाऊन बघितलं तर तिच्याभोवती मुंग्यांची रांग. नखाने पाकळी सोडवली. खाली चिकट डाग होता. बोट जिभेला लावलं, तर गूळ.

म्हणजे उजवी पाकळी साध्या पाण्याने लावायची आणि डावी गुळाच्या पाण्याने. निखाऱ्यांनी बॉनेट तापलं की पाणी सुकतं आणि उजवी पडते. डावी पडायचा प्रश्नच नाही. देवाला नकार द्यायची सोयच बाबूने ठेवली नव्हती.

पण कौल खोटा असला तरी गाडी त्याच वेळी सुरू कशी होते, हे मला कळेना. पूर्वी मी हर्णेला होते. तिथली हफीजा माझ्या ओळखीची. तिचा नवरा तहाभाई होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, त्याआधी आखातात गॅरेजमध्ये होता. त्याला फोनवर सगळं सांगितलं. त्याने फक्त गाडी कुठली ते विचारलं आणि म्हणाला, "सिस्टर, प्लग घेऊन येतो. पन सकाळी थंड असतानाच बघूया, सगल्यांसमोर."

संदेश आधी तयार नव्हता. मी त्याला मुंग्या दाखवल्या. त्याने वाकून गुळाच्या डागाला बोट लावलं. मग म्हणाला, "बोलवा त्याला. नायतरी मना ही गाडी नको झाली हाय."

काकूंना जाऊन आठ दिवस झाले होते. सकाळी सहाला अंगणात पुन्हा तीच माणसं जमली. बाबूही आला. न येऊन करतो काय. "सुतकात लोखंडाला हात लावू नये," एवढं म्हणून पाहिलं, पण संदेशने बॉनेट उघडलं होतं.

तहाभाईने आधी संदेशला किल्ली फिरवायला लावली. इंजिन कण्हलं, पांढरा धूर, गप्प. मग त्याने एक छोटा दिवा बॅटरीला जोडला आणि दिव्याची वायर इंजिनातल्या एकेका प्लगला लावत गेला. पहिल्याला दिवा लागला नाही. दुसऱ्याला नाही. तिसऱ्याला नाही. चौथ्याला लागला.

"ह्ये हीटर प्लग," तो म्हणाला. "डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून गरम व्हते नि त्या गरमीनं डिझेल पेटतं. इंजिन जुना, सकाल थंड, तर हवा तेवढी तापत नाय. म्हनून ह्ये आत लाल व्हतात नि हवेला मदत करतात. चारातले तीन जललेत."

"मंग दुपारी कशी चालू व्हते?" मालनवहिनींनी विचारलं.

"दुपारी लोखंडच गरम असतं, वहिनी."

"म्हंजे रघूभावजी दुपारचे गाडीत नसतात?" त्यांनी खरंच विचारलं होतं. कोणी हसलं नाही.

"नि घमेल्यातल्या निखाऱ्यांनी इंजिन ऊबतं, आईल पातल व्हतं," तहाभाई म्हणाला. "उत्तरेकडं थंडीत ट्रकवाले इंजिनाखाली शेकोटी करतात." मग तो बाबूकडे वळला. "काका, तुमी ट्रकवर व्हतात ना?"

सगळ्या वाडीला ठाऊक होतं. अंगात देव यायच्या आधी बाबू बारा वर्षं दिल्लीकडे जाणाऱ्या ट्रकवर क्लीनर होता. ठाऊक सगळ्यांना होतं, पण जोडून कोणी बघितलं नव्हतं. बाबू मफलर सारखा करत राहिला.

तहाभाईने अर्ध्या तासात चारही प्लग बदलले आणि बॉनेट लावलं. मी माझ्या बाटलीतलं साधं पाणी घेतलं आणि दोन्ही पाकळ्या चिकटवल्या. निखारे नाहीत, गाऱ्हाणं नाही. संदेशने किल्ली अर्धी फिरवली, समोरचा पिवळा दिवा विझेपर्यंत, म्हणजे प्लग तापेपर्यंत, थांबला आणि पूर्ण फिरवली. इंजिन लगेच सुरू झालं. पाकळ्या दोन्ही जागेवर होत्या. मग इंजिनाच्या थरथरीने डावी घसरली आणि खाली पडली. देव नाही म्हणत होता आणि गाडी चालू होती.

बाबू सावरला. "देवानंच धाडला म्हनायचा ह्याला," तो तहाभाईकडे बोट दाखवून म्हणाला. आणि दोघातिघांनी हात जोडलेसुद्धा. 

लोक पांगले. संदेश स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसला होता, इंजिन बंद करत नव्हता. मी जवळ गेले.

"सिस्टर, आई वाचली असती?"

अशा वेळी नातेवाइकांना काय सांगायचं ते आम्हाला शिकवलेलं असतं. मी ते सांगितलं नाही. "नक्की नाही सांगता येणार," मी म्हटलं. "पण प्लग आधीच बदललेले असते, तर सहाच्या आत डॉक्टरांसमोर असत्या."

तो समोर बघत म्हणाला, "बाबूकाका झोपलेले व्हते. मीच धावत जाऊन उठवून आनला त्यांना."

बाबूला शिव्या द्यायला मी हे लिहिलेलं नाही. तो आता खालच्या वाडीत विहिरीच्या पंपाला कौल लावतो, असं ऐकते. लिहिलं ते संदेशसाठी. आईवर त्याच्याइतकं प्रेम करणारा मुलगा मी दुसरा पाहिला नाही, आणि तिच्या जिवाचा दीड तास त्यानेच धावत जाऊन घालवला. देवाला काय विचारायचं ते देवळात विचारा, सवडीने विचारा. यंत्र अडलं तर ते उघडून बघा, माणूस अडलं तर दवाखान्याची वाट धरा. आणि कोणी म्हणालं की कारण विचारू नका, तर तिथेच उभं राहून कारण विचारा. आम्ही पन्नास जण होतो, आणि एकानेही विचारलं नाही.